पलटणीचा मौलवी

भारतीय सेनेत मी धर्मशिक्षक म्हणून नोकरी केली. कागदोपत्री माझा हुद्दा नायब सुभेदार, धर्मशिक्षक असा होता. पलटणीत मात्र शिपायापासून सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांपर्यंत सगळे मला ‘मौलवी साहेब’ म्हणत. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात : फौजेत मुसलमानाला कसे वागवतात? काही जण तो काळजीपोटी विचारतात. काहींनी उत्तर आधीच ठरवलेले असते आणि त्यांना ते फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचे असते. ‘चांगले वागवतात’ असे उत्तर मी देऊ शकतो आणि ते खोटेही ठरणार नाही. पण त्या चांगल्या वागणुकीमागे रोजची एक व्यवस्था असते. ती कोण उभी करतो, कुठे ती भक्कम असते आणि कुठे अपुरी पडते, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला वजन येत नाही. मी त्या व्यवस्थेत भरती होऊन तिच्यातच नोकरी संपवली, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

धर्मशिक्षक सेनेत थेट ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ) म्हणून भरती होतो, हे बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांच्या जागा निघतात. मौलवींमध्येही सुन्नी आणि शिया अशा वेगळ्या जागा असतात, कारण लडाखमधील जवानांत शियाही आहेत. उमेदवाराला पदवी तर लागतेच, शिवाय मौलवीसाठी अरबीतील मौलवी आलिम किंवा उर्दूतील अदीब आलिम ही पात्रता हवी. त्यानंतर शारीरिक चाचणी असते. आजच्या जाहिरातींत १६०० मीटर अंतर ८ मिनिटांत धावण्याची अट दिसते. पुढे लेखी परीक्षेचे दोन पेपर, एक सामान्य ज्ञानाचा आणि एक आपापल्या धर्माचा, आणि शेवटी मुलाखत. धर्मशिक्षकाची कामेही त्याच जाहिरातीत लिहिलेली असतात : जवानांचे धार्मिक विधी करणे, अंत्यविधीला उपस्थित राहणे, रुग्णालयात आजाऱ्यांना भेटणे, बऱ्या होत असलेल्यांबरोबर प्रार्थना करणे, शिक्षा भोगत असलेल्या सैनिकांना भेटणे, मुलांना धर्मशिक्षण देणे. मला या यादीत सर्वांत जास्त भावले ते शिक्षा भोगणाऱ्या सैनिकाला भेटण्याचे काम. ज्याला सगळ्यांनी टाकले आहे त्याच्याकडे कोणीतरी हुकुमाने गेलेच पाहिजे, असे ज्या संस्थेने लिहून ठेवले आहे, तिथे काम करावे असे मला तेव्हाच वाटले.

मुलाखतीत कुरआनविषयी काही प्रश्न झाले आणि मग मंडळातील एका अधिकाऱ्याने विचारले, ‘‘युनिटमधले पंडितजी रजेवर आहेत, उद्या जन्माष्टमी आहे आणि जवान तुमच्याकडे पाहताहेत. तुम्ही काय कराल?’’ मी म्हणालो, मंदिराची साफसफाई करून घेईन, पूजेचे साहित्य वेळेवर येईल हे पाहीन, जवानांपैकी ज्याला पूजा येते त्याला विनंती करून पुढे बसवीन आणि सगळे संपेपर्यंत स्वतः तिथे हजर राहीन. ‘‘आणि आरती?’’ असा पुढचा प्रश्न आला. मी म्हणालो, ‘‘आरतीच्या वेळी मी आदराने उभा राहीन, साहेब. आरती मी करणार नाही, कारण मी न मानणारी गोष्ट मानल्याचे नाटक केले तर जवान माझ्यावर कसा विश्वास ठेवतील?’’ त्यांनी काही शेरा न मारता पुढचा विषय काढला आणि माझी निवड झाली. हजेरी आणि उपासना यांच्यातली ही रेषा पुढे नोकरीभर माझ्याबरोबर राहिली. ती प्रत्येक वेळी इतकी स्वच्छ दिसते असे मात्र नाही.

निवड झाल्यावर कवायत, हुद्दे, सलामी आणि फौजी शिस्तीची ओळख झाली. पण आमचे खरे शिक्षण पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये झाले. तिथे सगळ्या धर्मांचे शिक्षक एकत्र शिकतात. मदरशात मी इतर धर्मांविषयी वाचले होते, पण त्या धर्माच्या माणसासमोर बसून, त्याच्याच तोंडून, त्याच्या घरातल्या मृत्यूच्या वेळी काय करतात हे ऐकण्याची वेळ कधी आली नव्हती. ग्रंथी साहेबांनी आम्हाला गुरू ग्रंथ साहिबांचा सकाळचा प्रकाश, म्हणजे ग्रंथ उघडण्याचा विधी, आणि रात्रीचे सुखासन, म्हणजे तो मिटवून ठेवण्याचा विधी, कसे होते ते समजावले. पंडितजींनी गीतेचा दुसरा अध्याय शिकवला. पाद्री साहेबांनी मरणासन्न माणसाजवळ म्हणायच्या प्रार्थना सांगितल्या. मी जनाजा, दफन आणि रमजानविषयी बोललो. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका पंडितजींनी कबरीविषयी इतके बारकाईने विचारले की मला फळ्यावर आकृती काढावी लागली : मृताला उजव्या कुशीवर ठेवायचे, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतील काब्याच्या दिशेला, आपल्या देशात पश्चिमेकडे करायचे, आणि माती देताना काय म्हणायचे. त्यांनी ती आकृती वहीत उतरवून घेतली आणि खाली अरबी वाक्ये देवनागरीत लिहून माझ्याकडून तपासून घेतली. कोणाला यात अतिरेक वाटेल, पण कारण अगदी व्यवहाराचे होते. दूरच्या ठाण्यावर मृत्यू आला की ज्या धर्माचा शिक्षक जवळ असेल तोच पोहोचतो. मरणाऱ्याला निवड करायला सवड नसते.

माझी पहिली नेमणूक मिश्र जवानांच्या पलटणीत झाली. तिथे मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकाच छताखाली होते. फौजेत अशा जागेला सर्वधर्मस्थळ म्हणतात आणि जम्मू-काश्मीरच्या काही पलटणींत त्याचे जुने नाव एमएमजी (मंदिर-मशीद-गुरुद्वारा) असेच चालते. एका भिंतीच्या आड आरती आणि दुसऱ्या भिंतीच्या आड नमाज असली तर वेळा जुळवाव्याच लागतात. मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते आणि सायंआरतीही त्याच सुमारास. पंडितजी आणि मी मिळून वेळापत्रक बसवले : नमाज आधी, ती फार थोडा वेळ चालते, आणि सलाम फेरून ती संपली की आरतीची घंटा. सूर्यास्ताची वेळ बदलेल तसे आम्ही ते बदलत असू. यात उदात्त असे काही नव्हते. दोन शेजाऱ्यांनी नळाच्या वेळा वाटून घ्याव्यात तसे ते होते आणि म्हणूनच ते टिकले.

खरे तर पहिली अडचण मला माझ्याच लोकांत आली. मी कोकणातला, शाफई पंथाचा. पलटणीतले बहुतेक मुसलमान जवान हनफी. दोन्ही सुन्नींचेच पंथ. शाफई फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात कुनूतची दुआ वाचतात, हनफी वाचत नाहीत. पहिल्याच पहाटे मी हात उठवून दुआ सुरू केली आणि मागच्या रांगेत चुळबुळ झाली. नमाजेनंतर एका वयस्क हवालदाराने अदबीने विचारले, ‘‘मौलवी साहेब, ही कुठली नमाज?’’ मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही तुमच्या पद्धतीने पढवा, आम्ही मागे उभे आहोत.’’ दुसऱ्या बाजूने मीही पाहिले की ज्या माणसाला दिवसभर रायफल घेऊन उभे राहायचे आहे, त्याच्या मनात पहाटे किंतु राहता कामा नये. मग मी जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजेत, त्यांच्या पद्धतीने पढवू लागलो आणि माझी कुनूत एकट्याच्या नमाजेत ठेवली. सहिष्णुतेवर बोलताना लोक ती नेहमी दुसऱ्या धर्माकडून मागतात; मला तिचा पहिला सराव माझ्याच सफीत, म्हणजे नमाजेच्या रांगेत, करावा लागला.

आता रमजानविषयी सविस्तर लिहितो, कारण मुसलमान जवानाच्या वाट्याला पलटणीची आपुलकी खरोखर येते की नाही, हे त्या महिन्यात उघड होते. बाहेरच्यांना इफ्तारची छायाचित्रे दिसतात. सीओ साहेब टोपी घालून जवानांबरोबर खजूर खातात, ही चांगलीच परंपरा आहे. आमचे एक सीओ साहेब रमजानच्या अखेरच्या जुम्म्याला (शुक्रवारी) स्वतः रोजा ठेवत आणि दिवसभर पाणीही पीत नसत. तरी माझ्या दृष्टीने खरी कसोटी ड्यूटीच्या यादीवर होते. पहाटे सेहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणासाठी, लंगरची (पलटणीच्या स्वयंपाकघराची) भट्टी कोण पेटवणार? सूर्यास्ताच्या क्षणी संतरी म्हणून कोणाचे नाव लागले आहे? दुपारच्या उन्हात ओझी वाहण्याच्या कामाला कोण जाणार? आमच्या कंपनीचे सीनियर जेसीओ साहेब रमजानच्या आधी मला बोलावून ही यादी समोर ठेवत. इफ्तारच्या वेळच्या संतरी ड्यूटीवर हिंदू आणि शीख जवानांची नावे लागत, आणि दिवाळी, गुरुपुरब आणि होळीला तीच ड्यूटी आमची मुले मागून घेत. ही अदलाबदल कोणत्याही छापील नियमात नव्हती. ती दरवर्षी कोणीतरी बसून करावी लागे. एखाद्या वर्षी नवा माणूस यादी करायला बसला आणि त्याला कोणी सांगितले नाही, तर ती होत नसे.

उंचावरच्या ठाण्यांवर प्रश्न अधिक अवघड होतो. तिथे शरीर झपाट्याने कोरडे पडते, रक्त घट्ट होते आणि डॉक्टर सतत पाणी प्यायला सांगतात. अशा ठाण्यावरच्या एका नाईकने रोजे ठेवण्याचा हट्ट धरला. घरी आईने सांगितले होते की आपल्या खानदानात रोजा कोणी सोडला नाही. रेजिमेंटच्या डॉक्टर साहेबांनी त्याला समजावले, पोस्ट कमांडरने दटावले, पण तो ऐकेना. मग मला फोनवर बोलावले. हुकूम देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि तो वापरून प्रश्न मिटला असता, पण त्या अधिकाऱ्याने आधी मौलवीला विचारावे असे ठरवले, हे मी कधी विसरणार नाही. मी नाईकला सूरह बकरातल्या १८४ आणि १८५ या आयती ऐकवल्या. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने इतर दिवसांत मोजणी पूर्ण करावी, आणि अल्लाह तुमच्यासाठी सोपे करू इच्छितो, अवघड करू इच्छित नाही. मी त्याला म्हणालो, ‘‘बेटा, ही सवलत तुला सीओ साहेबांनी दिलेली नाही, ती ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच दिली आहे. तुझ्या भोवळ येण्याने तुझ्या बडीचा, तुझ्या जोडीदाराचा, जीव जाईल, तर त्याचा हिशेब कोण देईल?’’ तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग ‘‘आईला तुम्ही सांगाल का?’’ असे त्याने विचारले. मी सांगितले. खाली उतरल्यावर त्याने राहिलेले रोजे हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत पूर्ण केले.

इस्लाममध्ये सैनिकाच्या अडचणींचा विचार किती आधीपासून आहे, हे मला फौजेत गेल्यावरच नीट उमगले. पाणी गोठले असेल किंवा मिळत नसेल तर नमाजेआधीची शुद्धी मातीवर, तयम्मुमने, करता येते. प्रवासात चार रकातींच्या (नमाजेच्या आवर्तनांच्या) दोन होतात. सूरह निसातील १०२ व्या आयतीत तर शत्रू समोर असताना नमाज कशी पढावी हे सांगितले आहे : एका तुकडीने इमामामागे उभे राहावे, दुसरीने शस्त्रे घेऊन पहारा द्यावा, मग जागा बदलाव्यात. मी ही आयत अधिकाऱ्यांच्या एका वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका तरुण मेजर साहेबांनी म्हटले की हा तर आमचाच पहारा बदलण्याचा ड्रिल आहे. त्या दिवसापासून त्यांच्या कंपनीत जुम्म्याच्या नमाजेचा प्रश्न पुन्हा आला नाही. मुले दोन गटांत विभागून जात.

सगळेच इतके सुरळीत नव्हते. एका चकमकीत आमचा एक जवान गेला आणि त्या संध्याकाळी लंगरमध्ये एकाने रागाच्या भरात एका मुसलमान लान्स नाईकला म्हटले, ‘‘आज तुझे लोक खूश असतील.’’ ज्याला हे ऐकावे लागले तो त्याच चकमकीत होता. मृत जवानाला खांदा देऊन त्यानेच खाली आणले होते. तो जेवण सोडून माझ्याकडे आला आणि मला म्हणाला, मला दुसऱ्या कंपनीत पाठवा. मी सुभेदार मेजर साहेबांकडे गेलो. दबक्या आवाजात मिटवावे असा सल्ला काही जणांनी दिला. शोकाच्या दिवशी हा विषय काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सुभेदार मेजर साहेबांनी ते मानले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी रोल कॉलला, कोणाचे नाव न घेता, कालच्या चकमकीत कोण कुठे होता आणि कोणी कोणाला खाली आणले, ते क्रमाने सांगितले आणि शेवटी म्हणाले की या पलटणीत ‘तुझे लोक’ म्हणजे ही पलटण. ज्याने ते शब्द उच्चारले होते त्याच्यावर रीतसर कारवाईही झाली. लान्स नाईकची बदली मात्र झाली नाही. तो मला नंतर म्हणाला की कारवाईने त्याचे समाधान झाले नाही, आणि पुढे कित्येक महिने तो त्या माणसाशी कामापुरतेच बोलला. मी त्याला माफ कर असे सांगितले नाही. माफ करणे हा त्याचा हक्क होता. तो त्याच्याकडून मागण्याचा मला किंवा पलटणीला अधिकार नव्हता.

नव्या जवानांशी बोलताना मला काही नावे सांगावी लागत आणि ती मी अभिमानाने सांगत असे. ब्रिगेडिअर मोहम्मद उस्मान फाळणीनंतर भारतातच राहिले, त्यांनी नौशेरा राखले, झांगड परत घेतले आणि ३ जुलै १९४८ रोजी तिथेच त्यांना वीरमरण आले. ४ ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे उडवले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन जून १९९९ मध्ये तुर्तुकच्या बर्फात लढताना गेले आणि त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. त्या रेजिमेंटचा रणघोष ‘राजा रामचंद्र की जय’ आहे. मुसलमानाने तो कसा द्यावा, असे मला मशिदीत आणि मशिदीबाहेरही विचारले गेले. माझे उत्तर असे की रणघोष ही पलटणीची हाक असते. अंधारात आपला माणूस कुठे आहे ते तिच्यावरून कळते, आणि ती देणाऱ्याच्या ईमानाची झडती कोणी घेऊ नये. तरीही या वीरांची नावे घेताना एक गोष्ट मला टोचत असे. मुसलमान जवानाची ओळख नेहमी परमवीरचक्र दाखवूनच का करून द्यावी लागते? जो साधा शिपाई आपली नोकरी नेकीने करतो, रजेवर जातो, मुलीच्या शाळेची फी भरतो आणि पेन्शनवर घरी येतो, त्याला निष्ठेचा दाखला म्हणून शौर्यपदक लागू नये. कसम परेडमध्ये हिंदू रिक्रूट गीतेवर, शीख गुरू ग्रंथ साहिबांसमोर, ख्रिस्ती बायबलवर आणि मुसलमान कुरआनवर हात ठेवून एकच शपथ घेतात : संविधानाशी निष्ठा आणि जिवाची पर्वा न करता हुकूम मानणे. कुरआन हातात धरून मी त्या मैदानावर अनेकदा उभा राहिलो आहे, आणि माझ्या मते दाखला तिथेच पूर्ण होतो.

दाढीचा प्रश्न टाळून हा अनुभव पूर्ण होणार नाही. रजेवरून परतलेला एक शिपाई दाढी वाढवून आला. हवालदाराने ती काढायला सांगितली तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न सरळ होता की सरदारांना चालते मग मला का नाही. शिखांना केस न कापण्याची धार्मिक आज्ञा आहे, म्हणून नियमात त्यांना मुभा आहे. नौदलात परवानगी घेऊन कोणालाही दाढी ठेवता येते, कारण ती तिथली परंपरा आहे. वायुसेनेत २००३ च्या आदेशानुसार फक्त त्याच मुसलमानांना मुभा मिळाली, ज्यांना १ जानेवारी २००२ पूर्वी भरती होताना दाढी आणि मिशा होत्या. दाढीमुळे २००८ मध्ये सेवेतून काढलेल्या एका मुसलमान वायुसैनिकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी फेटाळली. गणवेशधारी दलात एकसारखेपणा आणि शिस्त महत्त्वाची आहे, आणि केस कापण्याला धर्माची मनाई असल्याचे याचिकाकर्त्याला दाखवता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

त्या मुलाला मी काय सांगावे? दाढीला इस्लाममध्ये महत्त्व नाही, असे सांगणे मला शक्य नव्हते. बहुतेक हनफी विद्वान ती वाजिब, म्हणजे आवश्यक, मानतात. हुकूम मोड, असेही सांगू शकत नव्हतो. मी त्याला सूरह माइदाच्या पहिल्या आयतीची आठवण दिली, जिथे ईमानवाल्यांना आपले करार पूर्ण करायला सांगितले आहे, आणि म्हटले की तू भरती होताना स्वखुशीने एक करार केला आहेस. तो पाळणे हेही दीनच, धर्मच आहे, आणि तो संपल्यावर तू मोकळा आहेस. त्याने दाढी काढली. पण तो नाराज होता आणि त्याची नाराजी मला अवास्तव वाटली नाही. न्यायालयाचा निकाल मी मानतो. तरी माझे मत असे आहे की नीट कातरलेली दाढी परवानगीने ठेवण्याची नौदलाची पद्धत तिन्ही दलांत लागू केल्याने शिस्त ढासळणार नाही. समुद्रावर जी शिस्त टिकते ती जमिनीवर का टिकू नये, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

हजेरी आणि उपासना यांच्यातल्या रेषेचा प्रश्न अलीकडे न्यायालयापर्यंत गेला. पलटणीच्या धर्मस्थळाच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला सेवेतून कमी केले गेले. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. अधिकाऱ्याने आपल्या जवानांच्या श्रद्धेत सामील व्हावे ही फौजेची जुनी अपेक्षा आहे आणि तिचा लाभ मुसलमान जवानांना अनेकदा झालेला मी पाहिला आहे. मात्र जो अधिकारी सत्ता घेऊन उभा आहे त्याला लावलेले माप रांगेत एकट्या उभ्या असलेल्या अल्पसंख्य शिपायाला जसेच्या तसे लावू नये, असे मला मनापासून वाटते. माझ्या पलटणीत रविवारच्या मंदिर परेडला मुसलमान जवान येत, शेवटच्या रांगेत आदराने उभे राहत, आणि त्यांच्या कपाळाला टिळा लावायचा की नाही हे पंडितजी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवत. कोणी कोणाला विचारले नाही, कोणी कोणावर रुसले नाही.

पुण्यात माझ्याकडून कबरीची आकृती उतरवून घेणाऱ्या पंडितजींचा एकदा फोन आला. त्यांच्या पलटणीतील एक मुसलमान जवान चकमकीत जखमी होऊन दोन दिवसांनी रुग्णालयात वारला होता, त्याच्या गावी त्यांनाच जायचे होते आणि त्यांना फक्त एक शंका होती : हा शहीद आहे, तर गुस्ल, म्हणजे दफनापूर्वीचे स्नान, द्यायचा की नाही? प्रश्न इतका नेमका होता की मी चकित झालो. रणांगणावर जागीच प्राण गेलेल्याला गुस्ल देत नाहीत, त्याच्याच कपड्यांत दफन करतात. पण उपचार घेऊन काही काळ जगलेल्याला दुनियेच्या हुकमाने गुस्ल आणि कफन दिले जाते, त्याचा शहादतीचा दर्जा मात्र अल्लाहकडे तसाच राहतो. मी तसे सांगितले आणि जनाज्याच्या नमाजेसाठी गावातल्या इमामांशी त्यांचे बोलणे करून दिले. दफनापूर्वी शवपेटीवरचा तिरंगा उतरवून घडी घालून कुटुंबाच्या हाती द्यायचा असतो, सलामीच्या फैरी झडायच्या असतात, आणि गावकऱ्यांना माती देण्याची घाई असते. हे सगळे पंडितजींनी शांतपणे जुळवले. त्या गावातल्या इमामांनी नंतर मला विचारले की पंडिताला आमचा मसला, म्हणजे धर्मनियम, कसा ठाऊक. मी त्यांना पुण्याच्या वर्गाविषयी सांगितले.

जिथे मुसलमान जवान पुरेसे आहेत, जिथे मौलवी आहे, जिथे अनुभवी सुभेदार मेजर आहेत, तिथली व्यवस्था कोणत्याही नागरी कार्यालयाने शिकावी अशी आहे. अपुरेपणा दिसतो तो एकट्या मुसलमान जवानाच्या बाबतीत. वर्कशॉप, सिग्नल, पुरवठा अशा तुकड्यांत एखाददुसराच मुसलमान असतो. मौलवी नसतो आणि जुम्म्याला कोणाची परवानगी मागावी हे त्याला कळत नाही. लंगरमध्ये मांस हलाल आहे की झटका, हे विचारायला तो लाजतो आणि वर्षानुवर्षे डाळीवर काढतो. ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून सुटीचा अर्ज कोणत्या तारखेचा करावा या घोळात त्याची ईद निघून जाते. त्याला कोणी त्रास देत नाही. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. चांगला कमांडर असेल तर सगळे होते, तो बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

निवृत्तीपूर्वी मी एक पानी मसुदा लिहून सीओ साहेबांना दिला. अल्पसंख्य धर्माचा जवान तुकडीत दाखल झाल्याच्या दिवशीच त्याला जेवणाविषयी विचारावे. जुम्म्याच्या किंवा रविवारच्या प्रार्थनेची ड्यूटी-अदलाबदल यादीतच लिहावी. ईदसाठी लागोपाठ दोन दिवसांची पर्यायी सुटी मंजूर करून चंद्र दिसल्यावर एक रद्द करावी. आणि जवळच्या छावणीतील त्याच्या धर्मशिक्षकाचे नाव आणि फोन क्रमांक कंपनी कार्यालयात लावावा. आमच्या पलटणीच्या स्थायी आदेशांत हे चारही मुद्दे आले. इतर तुकड्यांतही ते यावेत यासाठी मी ओळखीच्या धर्मशिक्षकांना, त्यांत पंडितजी आणि ग्रंथी साहेब दोघेही आहेत, हा मसुदा पाठवत असतो. काहींनी तो आपापल्या ठिकाणच्या ख्रिस्ती आणि बौद्ध जवानांसाठी बदलून घेतला आहे आणि त्यांच्या सुधारणा मी मूळ पानावर उतरवून घेत आहे.